पिशवी पुढे गेली

आमच्या घरात प्रवास ठरवायचं काम अण्णांचं. अण्णा म्हणजे माझे वडील. नाशिक रोडला सरकारी कचेरीत कारकून होते, पण गल्लीत त्यांची खरी ओळख वेळापत्रकाची. कुणाला कुठेही जायचं असलं की आधी आमच्या दारात यायचं. अण्णा डोळे मिटायचे आणि सांगायचे, अमुक गाडीने जा, तमुक ठिकाणी उतर, पलीकडच्या फलाटावर दहा मिनिटं थांब, मागून जी गाडी येईल तिच्यात बस. माणसं तशी जायची आणि पोहोचायची. त्यात काही विशेष आहे असं आम्हाला कधी वाटलं नाही.

दोन वर्षांपासून अण्णा विसरायला लागले. आधी चष्मा, मग किल्ल्या, मग शेजाऱ्यांची नावं. एकदा देवळाली कॅम्पातल्या आमच्या घरातून भाजी आणायला गेले आणि दुपारी भगूरला सापडले. तेव्हापासून मी त्यांना एकटं सोडत नाही. रस्त्यात त्यांचं मनगट धरते. त्यांना ते आवडत नाही, पण मला दुसरं काही सुचत नाही.

त्यांची थोरली बहीण, माझी आत्या, येवल्याला. तिच्या सासरी पैठणीचे माग. भाऊबहिणीचं येणंजाणं कमी झालं तरी पिशव्यांचं चालू होतं. अण्णा नाशकाहून तिला पिशवी पाठवायचे. औषधं, द्राक्षं, कॅम्पातल्या बेकरीची नानकटाई. स्टँडवर जाऊन येवल्याला चाललेलं कुणीतरी गाठायचं आणि पिशवी त्याच्या हातात द्यायची. पिशवीच्या बंदाला सुईदोऱ्याने एक कागद टाचलेला असायचा. तो मजकूर लहानपणी मीच लिहायचे, अण्णा सांगायचे तसा: 'ही पिशवी येवला स्टँडवर उतरवावी. घ्यायला माणूस येईल.' खाली आत्याच्या घराचा पत्ता, पुढे फोन आल्यावर फोन नंबर. एकही पिशवी कधी हरवली नाही.

गेल्या हिवाळ्यात आतेभावाचा फोन आला. आत्याचं आता एकटीने होत नव्हतं, तो तिला पुण्याला कायमचं घेऊन चालला होता. "रविवारी चारला निघतोय, ताई. मामांना एकदा आणा. ती सारखी विचारते. चारच्या पुढे नाही थांबता येणार मला, रात्री उशिरा गाडी चालवायला जमत नाही."

आत्या शहाऐंशीची, अण्णा एकोणऐंशीचे. पुण्याला जाऊन परत भेट होईल असं कुणालाच वाटत नव्हतं. आणि झालीच, तर तोवर अण्णा तिला ओळखतील का, हे मी कुणाला बोलून दाखवलं नव्हतं. तर रविवार, चारच्या आत, येवला. एवढंच करायचं होतं.

मी ठरवलं की या वेळी प्रवास मी आखणार. माझ्या ऑफिसातल्या पोरींनी एक ॲप दाखवलं होतं. कुठून निघणार आणि कुठे जाणार एवढं टाकायचं. सिटी बस, रेल्वे, पुढची बस, सगळं ते जोडून देतं आणि तिकीट एकच. मी टाकलं. त्याने सांगितलं: कॅम्पातून सिटी बसने नाशिक रोड, तिथून रेल्वेने मनमाड, मनमाडहून बसने येवला. 'सर्वात जलद', असं हिरव्या अक्षरात.

अण्णांना दाखवलं. बराच वेळ बघून म्हणाले, "येवल्याची थेट गाडी असताना मनमाडला कशाला जायचं?"

"हे जलद आहे, अण्णा."

"कुणी सांगितलं?"

मी फोन पुढे केला. त्यांनी फोनकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि चष्मा काढून ठेवला. त्या चष्मा काढून ठेवण्याचा मला राग आला. मी आहेच तशी, पटकन पेटते.

रविवारी साडेनऊला निघालो. बसथांब्याच्या अर्ध्या वाटेवर अण्णा थांबले. "पिशवी राहिली." मी म्हटलं, राहू दे. ते ऐकेनात. घरी परत आलो. पिशवी कोनाड्यातच होती, नानकटाईचा पुडा आत होता, पण ते ती घेऊन आतल्या खोलीत जाऊन बसले. मी बाहेरून हाका मारतेय, आतून नुसतं "हो, हो." वीस मिनिटांनी बाहेर आले तेव्हा मी रस्त्यातल्या लोकांनी वळून बघावं इतकी ओरडले. ते पिशवी छातीशी धरून माझ्यापुढे चालायला लागले.

सिटी बसमध्ये मी फोन काढला. तिकीट एकच म्हणाल्या होत्या पोरी, उघडलं तर आत तीन ठिपक्याठिपक्यांचे चौकोन. मी एक पुढे केला. कंडक्टर म्हणाला, "मॅडम, हा रेल्वेचा दिसतोय." दुसरा केला. "हा पुढच्या बसचा." तिसरा उघडेना. तेवढ्यात मला कुणाचा तरी फोन आला आणि चौकोन गेलाच. मागची माणसं ढकलत होती. कंडक्टरनेच बिचाऱ्याने माझा फोन घेतला, बोट फिरवलं आणि म्हणाला, "बसा." तेव्हा मी एक धडा घेतला: आज कुणाचा फोन उचलायचा नाही, नाहीतर तिकीट जातं. हा धडा मी दिवसभर पाळला.

नाशिक रोडला पोहोचलो तेव्हा आमची गाडी सुटून गेली होती. फोन थरथरला. 'तुमच्या प्रवासात बदल झाला आहे.' खाली दोन बटणं: 'पुढे जा' आणि 'सुरू ठेवा'. या दोन्हींत फरक काय हे मला आजही कळलेलं नाही. मी एक दाबलं. त्याने एकच्या सुमाराची दुसरी गाडी दिली आणि मनमाडहून दुसरी बस, सीट सात आणि आठ. वर एक पट्टी झळकली, 'तुम्ही येवल्यात पोहोचला आहात.' मी आजूबाजूला पाहिलं. समोर भज्यांचा गाडा होता आणि आम्ही नाशिक रोडच्या फलाटावर होतो.

"दोन तास बसायचं?" अण्णा म्हणाले. "तेवढ्यात थेट गाडीने पोहोचलो असतो की."

"तिकीट काढलंय ना आता!"

खरं तर तेव्हाच उठून जायला हवं होतं. पण मला वाटत होतं की एकदा त्या साखळीतून बाहेर पडलो तर पुढचं सगळं तुटेल, सीट जाईल, आणि मग मला काहीच येत नाही हे अण्णांना कळेल. म्हणून बसून राहिलो. अण्णांनी मला दोनदा विचारलं, आपण कुठे चाललोय. दोनदा सांगितलं. तिसऱ्यांदा मीच क्षणभर गडबडले.

मनमाडला उतरलो तेव्हा दोन वाजून गेले होते. रिक्षाने स्टँडवर आलो. आमची बस तीनला पाच कमी असताना होती. हिशेबाने पावणेचारला येवला, म्हणजे पंधरा मिनिटं हातात. तेवढ्यात एक एसटी आत वळली. ती थांबायच्या आधीच माणसं खिडक्यांखाली धावली. कुणी रुमाल टाकतोय, कुणी टोपी, एका बाईने तर पोराची चप्पल टाकली. माझ्या हातातलं मनगट निसटलं. बघते तर अण्णा खिडकीखाली. त्यांनी हात मागे नेला आणि पिशवी अशी फेकली की ती दाराजवळच्या तिसऱ्या बाकावर, खिडकीपाशी जाऊन बसली. मग वळून माझ्याकडे पाहिलं. सगळा चेहरा हसत होता.

"झाली जागा," ते म्हणाले. "चल."

कितीतरी महिन्यांत मी त्यांना असं पाहिलं नव्हतं. आणि मी काय केलं? त्यांचं मनगट पकडलं आणि म्हटलं, "अण्णा, ही आपली गाडी नाही."

कंडक्टर दारातून म्हणाला, "येवला ना? बसा की आजोबा. लय जागा हाय."

"आमचं बुकिंग मागच्या गाडीचं आहे," मी म्हणाले. "सात आणि आठ."

त्याने माझ्याकडे जरा नवलाने पाहिलं, दार ओढलं, घंटी दिली. गाडी स्टँडच्या बाहेर पडली तेव्हा अण्णा शांतपणे म्हणाले, "पिशवी गेली."

मी धावले. दहा पावलं धावले असेन. मग परत अण्णांकडे धावले, कारण ते एकटे उभे होते.

तीन वाजले, आमची बस येईना. चौकशीच्या खिडकीवर फोन दाखवला. आतला माणूस भला होता, त्याने चष्मा लावून नीट वाचलं. "ताई, ही गाडी इथं येत नाय. हे बघा, चढायचं ठिकाण चौफुली लिहिलंय. बाहेरच्या बाहेर जाती ती." तेवढ्यात फोन थरथरला. 'तुमची गाडी निघाली आहे. शुभ प्रवास.' मला रडू यायला लागलं. फोनवर आतेभावाचे चार कॉल कट केल्याचं दिसत होतं, चारही मीच तिकीट जाईल म्हणून कट केलेले. आता लावला तर त्याचा लागेना.

सव्वातीननंतर एक गच्च भरलेली गाडी आली. साधं तिकीट काढलं. एका बाईने अण्णांना जागा दिली, मी त्यांच्या बाकाला धरून उभी. चार वाजले तेव्हा बाहेर नुसती कांद्याची शेतं होती. मी घड्याळ बघायचं सोडून दिलं. माझ्या हाताने मी यांची शेवटची भेट घालवली, एवढंच डोक्यात फिरत होतं.

"आपण कुठे चाललोय?" अण्णांनी विचारलं.

"अक्काकडे, अण्णा." आत्याला ते अक्का म्हणतात.

"मग पिशवी कुठंय?"

"पुढे गेली."

"मग झालं," ते म्हणाले आणि खिडकीबाहेर बघायला लागले. "जागा धरलीय."

आत्याच्या गल्लीत शिरलो तेव्हा साडेचार झाले होते. दाराशी गाडी उभी, टपावर गाद्या बांधलेल्या, आतेभाऊ कमरेवर हात ठेवून उभा. आणि ओट्यावर आत्या. तिच्या मांडीवर आमची पिशवी.

"तीन-साडेतीनपासून अशी बसलीय," आतेभाऊ वैतागून म्हणाला. "त्या कंडक्टरने स्टँडवर पिशवी उतरवली, तिथून रिक्षावाला आणून देऊन गेला. तुम्हाला किती फोन केले, ताई! हिला उचलून गाडीत घालायचं बाकी होतं फक्त."

आत्याने त्याच्याकडे लक्षच दिलं नाही. "पिशवी आली म्हंजी मानूस येतोच हाय," ती अण्णांना म्हणाली. "मी कशी जाईन? किती उशीर रे."

अण्णा ओट्यापाशी थांबले. ते तिच्याकडे पाहत राहिले, फार वेळ पाहत राहिले. मग म्हणाले, "अक्का, ही थेट गाडीने आलीच नाही."

आत्या इतकी हसली की तिला ठसका लागला. अण्णा तिच्या शेजारी बसले. पुडा सोडून दोघांनी एक एक नानकटाई खाल्ली. आतेभावाने त्यांना अर्धा तास दिला, नंतर आणखी पंधरा मिनिटं. काय बोलले ते मला नीट ऐकू आलं नाही. मी मुद्दाम जरा लांब, आत बंद पडलेल्या मागापाशी उभी होते.

निघताना आत्याने रिकामी पिशवी माझ्या हातात दिली आणि बंदाला टाचलेल्या कागदावर बोट ठेवलं. "हे त्या कंडक्टर मास्तरनं स्टँडवर वाचलं, म्हनून पोचली. तू वाचलंस का?"

सकाळची ती वीस मिनिटं. पांढरा दोरा, वेडेवाकडे टाके. अक्षर थरथरत होतं, पण एकही शब्द खोडलेला नव्हता.

'ही पिशवी येवला स्टँडवर उतरवावी. पिशवीसोबत एक म्हातारा माणूस आहे, त्यास हल्ली आठवत नाही. त्यासही उतरवावे. म्हाताऱ्यासोबत त्याची मुलगी आहे. ती आधी चिडते, मग घाबरते. तिच्यावर रागावू नये. तिलाही येवल्यालाच उतरवावे.' खाली आत्याचा पत्ता आणि फोन नंबर.

गाडी गल्लीच्या टोकाला वळेपर्यंत अण्णा हात हलवत होते. मग मला म्हणाले, "आता कुठे जायचं?"

स्टँडवर नाशिकची थेट गाडी लागत होती. मी पर्समधून पेन काढलं, कागद उलटा केला आणि पाठीमागे तेच सगळं जसंच्या तसं लिहिलं. फक्त येवल्याच्या जागी देवळाली कॅम्प केलं, खाली आमच्या घराचा पत्ता घातला आणि पिशवी अण्णांच्या हातात दिली. जागा त्यांनी धरली.