तार आपल्या घरी जाते

माझ्यावर सर्वांत जास्त उपकार कोणाचे, तर कॉलेजच्या प्रयोगशाळेत दात सरळ करायची तार वळवणाऱ्या मिस्त्रींचे. आई-वडिलांनी मला रामटेकहून नागपूरला दातांचं शिक्षण घ्यायला पाठवलं. तिथे टिकवलं मिस्त्रींनी. आमच्या घरातला मी पहिला पदवीधर झालो तो त्यांच्यामुळे.

माझी पहिली तार त्यांनी उजेडात धरली. "हे तार होय का गा जिलबी? कोणाच्या तोंडात टाकतं हे?" सगळे हसले. मग मिस्त्रींनी माझा अंगठा आपल्या अंगठ्याखाली धरून कमान वळवून दाखवली.

मी विचारलं, एवढीशी तार दात ढकलते कशी?

"ढकलत नाही गा. वाकड्या दाताले बांधली का तार वाकते. तिले वाकडं राहवत नाही. तार आपल्या घरी जाऊन राहिली, दाताले संग नेते. हाड समोरून जागा देते, मांगून भरते. घाई केली का दात मरते."

सरावासाठी आम्ही प्लास्टरचे दात मेणात बसवायचो, त्यांना तार बांधायचो आणि कोमट पाण्यात धरायचो. मेण मऊ झालं की दात डोळ्यांदेखत सरकत. तुम्ही पाहिलंत तर तुमच्याही अंगावर काटा येईल.

मिस्त्रींच्या कपाटात असंच एक तोंड होतं. बारीक दात, वरचा सुळा पुढे आलेला. त्यांच्या मुलीचं. तिच्या दातांचं माप घेतलं, तार तयार झाली, आणि ती बसवायच्या आधीच मुलगी तापात गेली. बारा वर्षांची होती. त्याच मापावरून मिस्त्रींनी दात ओतले होते आणि तिचीच तार त्यांना बांधली होती. दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी ते तार आवळत. त्या दिवशी त्यांच्या डब्यात नुसता गुरगुट्या भात असे.

"काहून मिस्त्री, दात दुखून राहिले का?" एकानं चिडवलं.

"माहे नाही. तार आवळली का दोन दिवस चावता येत नाही. घरी सगळ्यांसाठी मऊच शिजते."

त्यानंतर कोणी चिडवलं नाही.

दात सरळ होत आले की मिस्त्री गरम सुरीनं मेण सैल करून ते पुन्हा वाकडे करत. "अजून टाइम आहे तिले." दात सरळ झाले की तार काढावी लागते, आणि तार काढलेला पेशंट परत येत नाही.

शेवटच्या वर्षी, थंडीतल्या एका शनिवारी, मला ते बघवेना. मिस्त्री बाहेर गेले असताना मी वरचा जबडा कोमट पाण्यात धरला. सुळा रांगेत आला. खालच्या जबड्याला हात लावायचं धैर्य झालं नाही.

दोन दिवसांनी आलेला सोमवार महिन्याचा पहिला होता. मिस्त्रींनी कपाट उघडलं. वरचे दात सरळ होते. खालचेही.

त्यांनी दोन्ही जबडे मिटवून पाहिले. दातावर दात बसले. मग कटर माझ्यापुढे केला. "झालं तिचं. तू काढ गा, माहा हात चालत नाही."

मी तार कापली. दुपारी त्यांनी डबा उघडला, तर आत ज्वारीची भाकर आणि भाजलेले शेंगदाणे. डबा तर सकाळीच, कपाट उघडायच्या आधी, घरून भरून आला होता.

त्या उन्हाळ्यात ते नोकरी सोडून गावी गेले. पुढे माझा दवाखाना सुरू झाल्यावर मी त्यांना पत्र टाकलं. ते परत आलं नाही, उत्तरही आलं नाही. पत्र एवढंच होतं:

"मिस्त्री, साष्टांग नमस्कार. तुम्हाला न विचारता वरचा जबडा मी सरळ केला होता. क्षमा मागायला इतकी वर्षं लागली. खालचा मी केलेला नाही. तुम्ही केला असेल, तर एक ओळ लिहा. केला नसेल, तर उत्तर पाठवू नका. संध्याकाळी दवाखाना मी एकटाच बंद करतो."