बाड हॉम्बुर्गची निवड समिती

सासूबाई गेल्या त्याच्या पुढच्या मार्चमध्ये सासरे आमच्याकडे बाड हॉम्बुर्गला आले, तीन महिन्यांच्या व्हिसावर. आधी ते दोनदा आले होते, पण दोघं मिळून. एकट्याने ही पहिलीच खेप. विमानतळाच्या दारातून ट्रॉली ढकलत बाहेर आले आणि सवयीने थांबून मागे वळून पाहिलं, बरोबरचं माणूस येतंय ना. नवरा पुढे होऊन बॅगा उचलत होता, त्याच्या ते लक्षात आलं नाही. माझ्या आलं.

त्या दिवसांत नवऱ्याचं काम बर्लिनला होतं. सोमवारी पहाटे जायचा आणि गुरुवारी रात्री यायचा. मी एश्बॉर्नच्या ऑफिसात. म्हणजे दिवसभर बाबा घरी एकटे. कुरपार्कात एक फेरी मारायचे, येताना ब्रेड आणायचे, आणि मग खिडकीशी बसायचे. दुपारी आमची मुलगी शाळेतून यायची, पण त्या दोघांचं बोलणं असं काही होत नसे. ती चौदा वर्षांची होती. मराठी सगळं कळायचं, उत्तर मात्र जर्मनमध्ये. बाबा विचारायचे, जेवलीस का? ती म्हणायची, 'या', म्हणजे हो. एवढ्यावर संपायचं. एरवी मधे सासूबाई असायच्या, त्या दोन्हीकडचं बोलणं जुळवून द्यायच्या. त्यांना जर्मन येत नव्हतं तरी.

बाबा पुण्यातल्या एका कॉलेजात क्रीडाशिक्षक होते. कॉलेजचा क्रिकेटचा संघ निवडणं हे त्यांनी नोकरीभर केलं, आणि पुढे जिल्ह्याच्या निवड समितीवरही बरीच वर्षं काढली. नातीचा खेळ मात्र वेगळा. ती इथल्या फराइनमध्ये, म्हणजे गावच्या क्लबात, फ्लॅग फुटबॉल खेळायची. अमेरिकन फुटबॉलचाच हा प्रकार, पण अंगावर जायचं नाही. कमरेला फिती लावलेल्या असतात, त्या ओढल्या की गडी बाद. ती तिच्या संघाची क्वार्टरबॅक होती. दर डावाला चेंडू पहिल्यांदा जिच्या हातात येतो आणि तो कोणाकडे फेकायचा हे जी ठरवते, ती.

एप्रिल जवळ आला तशी ती वेडी झाली. अमेरिकेत त्या महिन्याच्या शेवटी ड्राफ्ट असतो. मोठे व्यावसायिक संघ कॉलेजातली मुलं एकेक करून उचलतात, आणि गेल्या वर्षी जो संघ सगळ्यांत कमकुवत ठरला त्याला पहिली निवड मिळते. सगळ्या जगाचा काथ्याकूट चालतो तो क्वार्टरबॅकवर. कुठला मुलगा मोठेपणी टिकेल, कुठला नुसताच कॉलेजातला हिरो. आमची मुलगी शाळेतून आली की जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप उघडून या मुलांच्या क्लिप्स बघत बसायची.

एका बुधवारी माझं होम-ऑफिस होतं म्हणून पुढचं मला दिसलं. बाबा चहाचा कप हातात घेऊन तिच्या खुर्चीमागे उभे राहिले होते. पडद्यावर एक देखणा मुलगा लांबच लांब फेक करत होता, आणि पलीकडे दुसरा ती झेलत होता. असं बराच वेळ चाललं. मग बाबा म्हणाले, "हा पडल्यावर उठतो कसा, ते आहे का यात?"

ती जर्मनमध्ये म्हणाली की तसं काही नसतं, यात फक्त चांगलं चांगलं कापून घेतलेलं असतं.

"मग हा लग्नाचा अल्बम झाला," बाबा म्हणाले. "अल्बम बघून मुलगा पसंत करतात का?"

ती हसली. बाबा आल्यापासून ती त्यांच्यासमोर हसलेली मी पहिल्यांदाच पाहिली. तिने बाजूची खुर्ची ओढून दिली.

मग बाबांच्या सांगण्यावरून तिने पूर्ण सामने शोधायला सुरुवात केली, आणि तेही त्या मुलांनी हरलेले. जिंकलेल्या सामन्यात सगळेच शहाणे दिसतात असं त्यांचं म्हणणं. त्या देखण्या मुलाचं नाव त्यांनी नवरदेव ठेवलं, कारण चिखलातसुद्धा त्याचा भांग मोडत नसे. दुसरा होता उंट. लांब ढांगा टाकत स्वतःच चेंडू घेऊन पळायचा. नातीचा तो लाडका. तिसरा मध्यम उंचीचा, हात बेताचाच, पण छोट्या छोट्या फेकी अचूक करत पुढे सरकणारा. त्याचा कारकून झाला. खरी नावं घरात कोणी घेईनासंच झालं. मला तर ती आजही नीट आठवत नाहीत.

बाबांना नियम कळायला वेळ लागला, पण माणूस बघायला नियम लागत नव्हते. तिला ते सांगायचे, चेंडू हातातून सुटतो तिथे बघू नकोस, त्याच्या आधी बघ. डोळे कुठे आहेत, पाय कुठे आहेत. एकच डाव दहा वेळा मागे नेऊन बघायचे. नवरदेवाला दोनदा जोरात आपटलं की तिसऱ्या वेळी तो आपल्या गड्यांकडे न बघता अंगावर येणाऱ्यांकडे बघायला लागतो, हे त्यांनी तिसऱ्या सामन्यात पकडलं. तिने मान्य केलं नाही. असा हात शिकवून येत नाही, असं तिचं म्हणणं. ते म्हणाले, भीतीसुद्धा शिकवून जात नाही.

या वादातच तिच्या तोंडून मराठी निघायला लागलं. जर्मनमध्ये भांडलं तर बाबांना कळायचं नाही, आणि तिला तर भांडायचं होतं. माझ्याकडून दर वेळी भाषांतर करून घेण्याएवढा धीर नव्हता. मग शब्द गोळा करत, 'तो नजर' आणि 'ती हात' असं काहीही म्हणत, आजोबांना जर्मनच्या हिशेबाने 'तू' म्हणत ती बोलायला लागली. बाबांनी तिला एकदाही दुरुस्त केलं नाही. उलट तिचं एखादं म्हणणं पटलं की तेच 'गेनाऊ', म्हणजे अगदी बरोबर, म्हणायला लागले. मी एस-बान, म्हणजे इथली लोकल, बदलून संध्याकाळी घरी पोचायची तेव्हा कुकर तसाच रिकामा असायचा आणि दोघं लॅपटॉपवर वाकलेली. एकदा मी बूट काढत होते तेव्हा तिचं वाक्य कानावर आलं. कारकुनाबद्दल बोलत होती. "आजोबा, तो घाबरतो. पण त्याचे पाय नाही घाबरत."

  बाबा पुढे मला म्हणाले, इतक्या वर्षांच्या समितीत हे कोणी मला एवढ्या कमी शब्दांत सांगितलं नव्हतं.

ड्राफ्ट इथल्या मध्यरात्रीनंतर असतो, म्हणून निकाल आम्ही सकाळी नाश्त्याला पाहिला. नवरदेव अगदी वरती गेला, उंटही फार मागे नव्हता. कारकुनाचं नाव नव्हतं. दुसऱ्या दिवशीही नव्हतं. शेवटच्या दिवशी, जवळजवळ सगळे संपल्यावर, एका संघाने त्याला घेतलं. नातीने उड्या मारल्या. बाबा म्हणाले, त्याच्या आईचा घसा कोरडा पडला असेल.

नंतर मे महिन्यात तिची स्वतःची झिश्टुंग होती, म्हणजे हेसन राज्याच्या मुलींच्या संघासाठी चाचणी. बाबा तोवर तिच्या प्रत्येक ट्रेनिंगला जायला लागले होते. नवऱ्याचं जाड जॅकेट घालून, घडीचं स्टूल घेऊन मैदानाच्या कडेला बसायचे. चाचणीच्या आदल्या आठवड्यात तिने त्यांना स्वयंपाकघरातच गाठलं आणि विचारलं, मी कशी आहे?

बाबा ताटं पुसत होते. म्हणाले, "खरं सांगू की बरं सांगू?"

"खरं."

"मी समितीत असतो तर तुला क्वार्टरबॅक नसतं घेतलं. तू झेलणारी मोकळी होईपर्यंत थांबतेस. तेवढ्यात वेळ निघून जातो. तुला मी बचावात ठेवलं असतं, समोरच्यांचा चेंडू मधेच उचलायला. तिथे तुझ्यासारखी कोणी नाही."

ती खोलीत गेली आणि दार लावून घेतलं. मला राग आला. मी म्हटलं, बाबा, चौदा वर्षांची आहे ती, आणि इथे कोणी समिती नेमलेली नाही. त्यांनी उरलेली ताटं पुसली, फडकं वाळत घातलं, आणि मग एकदम सासूबाईंबद्दल बोलायला लागले. आल्यापासून त्यांनी त्यांचं नावही काढलं नव्हतं.

लग्नानंतरच्या पहिल्याच हंगामात ते खुशीत घरी आले होते, संघ छान जमला म्हणून. सासूबाईंनी विचारलं, कोणाला घेतलं नाही? त्यांनी तीन-चार मुलं सांगितली. त्यांना कळवलंत? उद्या बोर्डावर वाचतील की, बाबा म्हणाले. तेव्हा सासूबाई म्हणाल्या होत्या, सगळ्यांच्या देखत वाचायचं का त्यांनी? जा, सांगून या. नवी नवरी, घरात सासू-सासरे, आणि हिने नवऱ्याला सायकल काढायला लावली. तेव्हापासून दर हंगामाला, संघ जाहीर व्हायच्या आधी, बाबा वगळलेल्या मुलांच्या घरी जाऊन स्वतः सांगायचे. काही ठिकाणी चहा मिळायचा, काही ठिकाणी दार आपटलं जायचं. उशिरा घरी आले की सासूबाई पान वाढायच्या आणि एकच गोष्ट विचारायच्या, बसून सांगितलंत की उभ्याने?

 मग बाबा म्हणाले, "आत्ता मी उभ्याने सांगितलं."

ते गेले, तिच्या दारावर टकटक केली. थोड्या वेळाने दार उघडलं. मी पॅसेजमधून जाताना पाहिलं, त्या वयातला माणूस, गुडघे दुखणारा, तिच्या पलंगाशी जमिनीवर बसला होता. आत काय बोलणं झालं ते मी ऐकलं नाही. तिनेच पुढे केव्हातरी सांगितलं. कुठल्या फेकीला ती उशीर करते ते त्यांनी एकेक करून सांगितलं होतं, आणि म्हणाले होते, मी चुकतोसुद्धा, आणि तुला क्वार्टरबॅक व्हायचं असेल तर माझी परवानगी कशाला हवी.

चाचणीला मी दोघांना गाडीने घेऊन गेले.  मैदानावर प्रशिक्षक बाईंनी प्रत्येकीला जागा विचारली, तेव्हा आमची मुलगी मोठ्याने म्हणाली, क्वार्टरबॅक. बाबांनी मान हलवली नाही की काही नाही. सुरुवात वाईट झाली. एक फेक अडवली गेली, दुसरी मागे पडली. मग एका डावात तिने चेंडू अशा जागी सोडला जिथे कोणीच नव्हतं. मला वाटलं, गेला. तेवढ्यात डावीकडून एक सोनेरी वेणीची मुलगी धावत त्याच जागी आली आणि चेंडू तिच्या हातात पडला. बाबा स्टुलावरून अर्धे उठले आणि तसेच राहिले. नंतर तिने तसंच आणखी काही वेळा केलं. सगळ्या नव्हे, पण बऱ्याच फेकी बसल्या.

तिला संघात घेतलं, दुसरी क्वार्टरबॅक म्हणून. ती धावत आली तेव्हा बाबा म्हणाले, "चुकलो मी. तुझ्या आजीला हे फार आवडलं असतं."

ती त्यांच्या गळ्यात पडली. जॅकेटवर सगळं गवत लागलं. येताना गाडीत दोघं मागच्या सीटवर बसली आणि मी एकटी पुढे, टॅक्सीवाल्यासारखी. वाटेतलं फ्रांकफुर्ट येईपर्यंत ती आजीबद्दल विचारत होती आणि ते सांगत होते. त्यातलं बरंचसं मलाही नवं होतं.

महिनाअखेरीस बाबा पुण्याला परतले. तो उन्हाळा तिने बहुतेक वेळ कडेला उभं राहूनच काढला, दुसरी क्वार्टरबॅक म्हणजे तेच. दोन वर्षांनी ती आपण होऊन बचावात गेली. पुण्याला फोनवर तिने ही बातमी इतर बातम्यांसारखीच सांगितली. बाबा बरं म्हणाले आणि शाळेचं विचारलं. मी तेव्हा बाजूला उभी होते. त्यांच्या जागी मी असते तर दोन शब्द नक्की बोलले असते.

ती मुलं कुठे गेली म्हणाल, तर नवरदेव पहिल्या वर्षी फार छान खेळला, मग गुडघा दुखावला, आता कुठल्याशा तिसऱ्या संघात आहे. उंटाने खेळ सोडला. कारकून अजून आहे, पण मैदानावर क्वचितच. टोपी घालून कडेला उभा दिसतो. तो दिसला की मुलगी फोटो काढून पुण्याला पाठवते. कोण बरोबर निघालं, आजोबा की जाणकार, ते मला आजही सांगता येणार नाही.

आता ती बर्लिनला शिकते. बाबांची नजर अधू झाली आहे, डॉक्टर लांबचा प्रवास नको म्हणतात. गेल्या एप्रिलमध्ये मी तिच्याकडे शनिवार-रविवार राहायला गेले होते, तर ती फोनवर होती. पडद्यावर एक नवा मुलगा खेळत होता आणि ती त्याचा खेळ बाबांना सांगत होती. आता पाय वळवला, आता खांदा पडला, आता उजवीकडे बघतोय पण टाकणार डावीकडे. सगळं मराठीत, लिंगं-वचनं आता बहुतेक बरोबर. तिची जर्मन मैत्रीण चहा ठेवून गेली, जाताना माझ्याकडे बघून हळूच विचारलं, एवढा वेळ कोणाशी बोलते ही? मी सांगितलं.

डिसेंबरमध्ये आम्ही पुण्याला जाणार आहोत. मुलीने आम्हाला न विचारताच स्वतःचं तिकीट आमच्या आधीच्या आठवड्याचं काढलं आहे.