खूण सांग

जगातला कुठलाही चोर कोकण रेल्वेने वीर स्टेशनात उतरला, तर रिक्षा करून थेट आपल्याच कॉम्प्युटरकडे येणार, अशी आमच्या शेजारच्या चाचांची पक्की खात्री होती. कुवेतला नोकरी करणाऱ्या त्यांच्या मुलाने, बापाशी गप्पा मारता याव्यात म्हणून, तो घेऊन दिला होता. चाचांचा जन्म ट्रक चालवण्यात गेलेला, त्यामुळे राखणीची विद्याही तिथलीच. घाटात डिझेलच्या टाकीला कुलूप लावतात, म्हणून त्यांनी कॉम्प्युटरच्या डब्याला साखळी घालून कुलूप ठोकलं. टेबलाला चाकं होती, तर चाकामागे दगड लावला. "ह्यो काय उतारावर उभा हाय?" चाची विचारत. "अगो, तुला काय म्हायती! आता वायरीतनं माणूस शिरतो," चाचा म्हणत. लाइन जोडताना मोडेम किंचाळू लागला की ते उठून दाराची कडी बघून येत.

टायपिंग माझ्याकडे होतं, पासवर्ड मात्र त्यांच्याकडे. "तोंड भिंतीकडं कर रे," असं मला दरडावून ते एका बोटाने अक्षरं शोधत आणि सापडलेलं प्रत्येक अक्षर मोठ्याने म्हणत. दर जुम्म्याला पासवर्ड बदले. शनिवारी समोरचा पिठाच्या गिरणीचा मालक मला नवा ऐकवी.

एवढ्यानेही भागेना. पलीकडे लिहितोय तो आपला मुलगाच कशावरून? म्हणून आधी खूण पटवायची. "विचार त्याला, दासगावला नदीत कोणाची चप्पल वाहून गेली?" कुवेतहून उत्तर येई, "अम्मीची." चाचा खुदकन हसत आणि मग गप्पा सुरू. मला तर या खुणाच गप्पांहून गोड वाटत.

एकदा मात्र घात झाला. "पोलादपूरला ट्रक थांबवला की तुला काय खायला घ्यायचो?" मुलाने लिहिलं, "वडा." चाचांचा चेहरा उतरला.

"खारी घ्यायचो. दुसराच कोण तरी बसलाय तिथं. बंद कर."

"चाचा, विसरला असेल हो."

"माझा पोरगा विसरायचा नाय!" म्हणत त्यांनी फोनची वायरच उपटली. कॉम्प्युटरवर चादर पडली आणि चाचा ओट्यावर बसून राहू लागले. चोरापेक्षा मोठी भीती त्यांना आता लागली होती: पोरगा खरंच विसरला असला तर?

महिन्याभराने, भर दुपारी, एक रिक्षा त्यांच्या दाराशी थांबली. मी आमच्या ओट्यावरून बघत होतो. कडी वाजली.

"कोण?" आतून चाचा.

"अब्बा, मी."

"खूण सांग."

बॅगा घेऊन उभा असलेला तो मिशीवाला बाप्या जरा घुटमळला. मग त्याने तोंडाने चाचांच्या जुन्या ट्रकचा हॉर्न वाजवला. मध्येच अडखळणारा, शेवटी रडवेला होणारा, अगदी हुबेहूब. आत किल्ल्यांचा जुडगा खणखणला. दारालाही आतून दोन-तीन कुलपं, त्यात नेमकी किल्ली सापडेना, चाचा कुलपांना शिव्या घालत होते आणि चाची ओरडत होत्या, "अवो, तोडा ती मेली कुलपं!"

सुट्टी संपवून मुलगा परत गेला आणि मी पुन्हा टायपिंगला बसू लागलो. साखळी होती, दगड होता, भिंतीकडे तोंडही होतं. खुणेचा प्रश्न मात्र एकच उरला: "परत कधी येशील?"

मुलगा लिही, "पुढच्या ईदला." ते उत्तर दोनदा चुकलं, पण चाचांनी कॉम्प्युटर बंद केला नाही.