सेटवरची खरखर

उत्तरेतल्या त्या बर्फाळ पोस्टवर माझं पोस्टिंग झालं तेव्हा मी सिग्नल्समध्ये हवालदार होतो. रेडिओ सेट माझ्या ताब्यात आणि मदतीला लान्सनाईक सदा. मी कर्जतजवळच्या पोशीरचा, तो खालापूरकडचा. पहिल्याच दिवशी त्याने विचारलं, "दादा, तुमच्याकडं भात कसा हाय यंदा?" तेव्हापासून ड्यूटीवर हिंदी आणि ड्यूटी संपली की आमची बोली.

एकदा सुट्टीवरून येताना सदाने घरचा मिक्सर आणला. आईनेच गोधडीत बांधून दिला होता. पोस्टच्या जनरेटरवर तो लंगरमध्ये, म्हणजे आमच्या स्वयंपाकघरात, सुकटीची चटणी वाटायचा. पंजाबी, गढवाली जवान वासाने आधी नाक मुरडायचे, मग ताट पुसून उठायचे.

पण मिक्सर फिरला की इकडे माझ्या सेटवर खरखर.

"सदा, बंद कर रं ते!"

"झालंच दादा. लसूण तेवढा राह्यलाय."

मी त्याला समजावलं. मोटरमध्ये बारीक ठिणग्या उडतात, त्यांचा त्रास वायरीतून, हवेतून सेटपर्यंत येतो. मोबाईलचे चार्जर, स्वस्तातले एलईडी दिवेही तेच करतात. शेवटी मांडवली झाली. कॉलच्या वेळेला मिक्सर बंद, आणि चटणीचा पहिला घास माझा.

हिवाळा सरत आला होता. सदा पाठीवरचा छोटा सेट घेऊन गस्तीच्या तुकडीबरोबर गेला. दुपारी नाल्यात बर्फाचा कडा कोसळला. त्याचा कॉल आला, पण क्षीण. "तीन आदमी दब गये," एवढं कळलं. जागा सांगितली ती खरखरीत बुडाली. मी पुन्हा विचारलं, पुन्हा तेच.

लंगर बंद होतं. मी चार्जर उपटले, दिवे मालवले. खरखर कमी झाली, गेली नाही. उरला जनरेटर.

"सर, जनरेटर बंद करना पड़ेगा. सेट बैटरी पे चलेगा."

पोस्टचे प्रमुख मेजरसाहेब, त्यांनी बाहेर पाहिलं. त्या थंडीत बंद पडलेलं इंजिन सहजी उठत नसे.

"फिर चालू होगा?"

"गारंटी नहीं, सर."

"बंद करो."

सेट शांत झाला. मग अगदी बारीक आवाज आला. हिंदी नव्हती.

"दादा, आयकू येतंय का?"

"येतंय रं. बोल."

त्याने जागा सांगितली, मी ती परत वाचून दाखवली. तो म्हणाला, "बरोबर हाय. तिघं जिती हायत दादा, आवाज देतायत. लवकर माणसं धाडा."

रेस्क्यू पार्टी वेळेत पोचली. तिघेही जिवंत निघाले. शेवटच्याला ओढून काढत असताना वरचा बर्फ पुन्हा सुटला. सदा सेट घेऊन चढावर उभा होता, कारण तिथूनच सिग्नल मिळत होता. तो आम्हाला दुसऱ्या दिवशी सापडला.

निवृत्तीनंतर मी दरवर्षी त्या दिवशी खालापूरला त्याच्या आईकडे जातो. ती आधी जेवू घालते, मग समोर बसते.

"बाळा, शेवटी काय बोलला रं सदा?"

मी दरवर्षी तेच सांगतो, एकही शब्द इकडचा तिकडे न करता. तिघं जिती हायत, लवकर माणसं धाडा.

ती मान हलवते.

"म्हंजे दुसऱ्यांचंच बोलत व्हता," ती म्हणते, आणि माझ्या ताटात आणखी भात वाढते.