सुटं अंडं

"खाल्लं का?"

फोन लागला की माझ्या शेजारच्या शेठचा पहिला शब्द हाच असे. 'हॅलो' नाही, 'कसे आहात' नाही. विचारपूस समोरच्या माणसाच्या जेवणाची नसे. त्यांनी विकलेला साप त्या माणसाकडे जाऊन महिने, कधी वर्षंही उलटलेली असत. तो नीट खातोय ना, एवढंच त्यांना हवं असे.

उल्हासनगरच्या कॅम्प तीनमध्ये त्यांचं बटणं आणि चेनचं दुकान. घर बदलापूर पूर्वेला शिरगावात, माझ्या समोरच्या फ्लॅटमध्ये. दुकानातली बटणांची जुनी खणांची कपाटं त्यांनी घरी आणली होती. प्रत्येक खणावर नमुन्याचं बटण तसंच चिकटलेलं, आणि आत बॉल पायथन. आफ्रिकेतला हा छोटा अजगर घाबरला की चेंडूसारखा गुंडाळून बसतो. "आपल्याकडचे साप पाळणं गुन्हा आहे. हे परदेशी, सगळ्यांची सरकारदरबारी नोंद आहे," हे पाहुण्याला पाण्याच्या ग्लासाआधी सांगितलं जाई.

फ्रीजरच्या वरच्या कप्प्यात मटार, खालच्यात गोठवलेले उंदीर. त्यांच्या आईने मटार सोडले होते.

सोसायटीत तक्रार झाली तेव्हा सभेला मीही होतो. कुणीतरी विचारलं, "सुटला तर?"

"सुटला तर तुमच्या फ्रिजमागे सापडेल. उबेला जातो. मला बोलवा, फ्रिजही पुसून देतो."

सभा हसली आणि तक्रार मागे पडली. मी वार्ताहर, पण बातमी काही झाली नाही.

तीन वर्षं वाट पाहायला लावून त्यांच्या मादीने अंडी घातली. पाच एकमेकांना घट्ट चिकटलेली, एक सुटं. थर्माकोलच्या उबदार खोक्यात त्यांनी ती ठेवली आणि प्रत्येकाच्या माथ्यावर पेन्सिलीने फुली मारली. फुली वरच राहायला हवी. सापाचं अंडं उलटलं तर आतलं पिल्लू मरू शकतं. त्या काळात ते घरच्या लग्नालाही गेले नाहीत.

एका सकाळी खोकं उघडलं, तर सुट्या अंड्याची फुली खाली.

"आई, याला हात लावलास?"

आई अंबरनाथजवळच्या शेतकरी घरातली. अंगणात कायम कोंबड्या. "रोज लावते. तुझी बाई अंडी टाकून मोकळी झाली. कोंबडी कशी, अंडी फिरवत बसते. बाकीची हलतच नाहीत मेली, नाहीतर तीपण फिरवली असती."

त्यांनी खोक्याचं झाकण हळूच लावलं. मग म्हणाले, "चिकटली म्हणून वाचली."

फुलीचा अर्थ कळल्यावर आई खोक्यासमोर जाऊन बसली. जेवायलाही उठेना.

चिकटलेली पाचही अंडी फुटली. सुटं सगळ्यांत शेवटी फुटलं. बाहेर आलेलं पिल्लू भावंडांहून फिकट, पिकल्या लिंबाच्या रंगाचं. आईने त्याला बघितलं आणि मगच चहा घेतला.

पण पिल्लू खाईना. भावंडं खाऊन-पिऊन विकली गेली, हे उंदराकडे पाठ फिरवून बसे. दिसायला देखणं, म्हणून कॅम्प तीनमधल्या जीन्सच्या कारखान्यातला एक कटिंग मास्तर त्याच्यावर अडून बसला.

"शेठ, पैसा अभी देतो. पिल्लू आज द्या."

"खाल्लं नाही अजून."

"माझ्याकडे खाएगा ना. माझी मम्मी मस्त बनवते."

"पाच वेळा खाल्ल्याशिवाय मी पिल्लू देत नाही."

"शेठ, लोक पोरगी देताना पण इतकं बघत नाहीत."

पिल्लू वाळत चाललं. ते दुकानात जाताना खण उघडून बघत, आल्यावर बघत. मीही जाऊन बघे. शेवटी आईच भडकली.

"खुडूक कोंबडीचं डालगं असं सारखं उचलून बघतात काय रे? झाका त्याला. आणि तुम्ही बातमीवाले, तुम्ही पण घरी बसा."

तिने खणावर जुन्या लुगड्याचा तुकडा टाकला आणि समोर स्टूल घेऊन पहाऱ्याला बसली. ते मला जिन्यात हळूच म्हणाले, "पुस्तकातपण हेच लिहिलंय. वाचलं होतं मी. राहवत नव्हतं."

काही दिवसांनी सकाळी त्यांचा फोन आला. मी उचलला. या वेळी त्यांनी काही विचारलं नाही.

"खाल्लं," एवढंच म्हणाले.

पाच जेवणं झाल्यावर कटिंग मास्तर पिल्लू घेऊन गेला. लुगड्याचा तुकडा आईने त्याच्या डब्यात घातला.

गेल्या वर्षी ते आणि आई गावच्या घरी राहायला गेले. कपाटं हमालांनी उतरवली, भरलेले खण त्यांनी स्वतः एकेक करून खाली नेले. टेम्पोत मागे, मांडीवर शेवटचा खण घेऊन ते बसले. आई पुढे. टेम्पो सुरू होताना तिच्या हातातला त्यांचा फोन वाजला. कटिंग मास्तर होता; स्पीकर चालू, खाली उभ्या मलाही ऐकू येत होतं.

"खाल्लं का?" आईने विचारलं.

"हो आजी, कालच."

"आणि तू?"

उत्तर ऐकू येण्याआधी टेम्पो वळला.