पसंतीला आणलेली साडी

हे मी नवऱ्याला सांगितलेलं नाही, सख्ख्या बहिणीला नाही, देवापुढे हात जोडतानासुद्धा कधी शब्दांत आणलेलं नाही. तुम्हांला सांगते, कारण तुम्ही मला ओळखत नाही. आणि ओळखत असलात, तर 'पेणच्या शाळेतल्या बाई' म्हणूनच ओळखत असाल. अठ्ठावीस वर्षं मी पोरांसाठी फळ्यावर 'नेहमी खरे बोलावे' असं लिहीत आले. अक्षर माझं चांगलं होतं, त्याबद्दल वाद नाही.

गोष्ट तशी साडीची आहे. हसू आलं ना? मलाही वाटायचं, एवढंसं काय ते — एका साडीचं!

नव्वदनंतरची पाच-सहा वर्षं असतील. तेव्हा पेणच्या बाजारात ओळखीच्या गिऱ्हाइकाला साड्या घरी पाठवायची पद्धत होती. 'पसंतीला' म्हणायचे. तीन-चार साड्या घरी यायच्या, दोन दिवस ठेवायच्या, घरच्यांना दाखवायच्या, आवडेल ती घ्यायची, बाकीच्या परत. चिठ्ठी नाही, सही नाही. शाळेतल्या बाई म्हटल्यावर कोण सही मागणार?

आमच्या शेठच्या दुकानातून साड्या घेऊन यायची ती सुमन. तिशीची असेल. धरमतरच्या खाडीकाठच्या गावातली. नवरा बार्जवर कामाला होता, तो खाडीत बुडून गेला, त्याला वर्षही झालं नव्हतं. सासरच्यांनी हो-नाही करत तिला दुकानात कामाला जाऊ दिलं होतं. बाईमाणूस असल्यामुळे ती थेट आतल्या खोलीत यायची, आरशासमोर माझ्या खांद्यावर पदर टाकून बघायची. स्वतः फिक्या सुती पातळात, आणि दुसऱ्यांच्या अंगावरच्या रंगाचं तिला केवढं कौतुक!

माझ्या थोरल्या नणंदेच्या मुलीचा साखरपुडा रोह्याला होता, रविवारी. तिकडे सगळ्या कंपनीवाल्यांच्या बायका, दर कार्यक्रमाला नवी साडी. मागच्या बारशाला त्यातली एक मला म्हणाली होती, "बाईंची ही साडी आता आम्हांला पाठ झाली." सगळ्या हसल्या, मीही हसले. पण ते मला लागलं होतं, फार लागलं होतं.

म्हणून मी तीन साड्या पसंतीला मागवल्या. सुमन शनिवारी संध्याकाळी घेऊन आली. दुसऱ्या दिवशी तिच्या गावात कुणाची तरी हळद होती, त्यासाठी तिनं रजा घेतली होती, म्हणून घाईत होती. तरी मी तिला चहा केला. एवढं लक्षात ठेवा, मी तिला चहा केला होता.

तिन्हींत एक मोरपंखी होती, जरीच्या काठाची. ती घ्यायची नाही हे साड्या मागवतानाच ठरलेलं होतं. नेसायची मात्र होती — हे आज तुम्हांला सांगतेय, तेव्हा स्वतःलाही असं सांगितलं नव्हतं. 'नुसती अंगावर धरून बघू' असं म्हणत म्हणत मी ती नेसून रोह्याच्या एस.टी.त बसलेसुद्धा! फॉल नव्हता, तर चालताना पावलं जपून टाकली. मिरवले. फोटो काढून घेतले. सोमवारी इस्त्री करून, होत्या त्याच घड्या घालून, संध्याकाळी पिशवी स्वतः दुकानात नेऊन दिली. "नाही हो शेठ, मनास येत नाही एकही."

तीन-चार दिवसांनी शाळेतून येताना शेठनी हाक मारली. गादीवर मोरपंखी साडी उलगडून पडलेली. खांद्याशी पिनेची दोन भोकं, आणि पदराच्या आतल्या घडीत हळदीचं बोट. साखरपुड्याला नणंदेनं हळदीकुंकू लावलं तेव्हाचं असणार. मला दिसलंच नव्हतं.

शेठ मला काहीच म्हणाले नाहीत, हे ऐका. त्यांच्या डोक्यातसुद्धा मी आले नाही. सुमन बाजूला उभी होती. दुकानात चार बायका होत्या. ते तिला म्हणाले, "पांढऱ्या कपाळानं हळदीला मिरवायला गेली होतीस होय? माझी साडी नेसून?"

"मी नाय नेसले, शेठ." मग ती माझ्याकडे वळली. "बाई, शनवारी संध्याकाळीच दिल्या ना मी तुमाला? तुमच्या हातात. चाय पन पाजलात तुमी मला. व्हय का नाय, सांगा ना."

शेठ म्हणाले, "हां, बाई सांगतील ते खरं."

आता बघा — 'मला आठवत नाही' म्हणता आलं असतं. 'घरात कुणीतरी उलगडली असेल' म्हणून त्याच वेळी ती विकत घेता आली असती. इतक्या वाटा होत्या! मी म्हणाले, "नाही गं सुमन. मला सोमवारी सकाळी मिळाल्या. शाळेत निघताना."

एका दमात म्हणाले. चाचरले नाही.

सुमन रडली नाही, भांडली नाही. माझ्याकडे बघत राहिली — वर्गात आपण बरोबर उत्तर दिलं आणि बाईंनी चूक म्हटलं, की पोरं बघतात ना, तशी. त्या चार बायकांतली एक तिच्याच गावच्या बाजूची होती. आठवड्याच्या आत खाडीकाठी बोभाटा झाला, की नवरा जाऊन वर्ष नाही झालं आणि ही जरीची साडी नेसून हळद लावून घेते. दुकानातून तर ती गेलीच. सासरच्यांनीही घरातून काढलं. नंतर कळलं, हमरापूरच्या एका गणपतीच्या कारखान्यात मूर्ती घासायला जाते. आमची मूर्ती दरवर्षी हमरापूरहून यायची. त्या वर्षापासून मी पेणमधूनच आणायला लावली. घरात कुणी कारण विचारलं नाही.

इथं थांबता आलं असतं. थांबून मी बऱ्यापैकी बरी दिसले असते. पण एक राहिलंय.

त्याच दिवशी, सुमन पायऱ्या उतरून गेल्यावर, शेठ ओशाळून म्हणाले, "बाई, तुम्हांला उगाच यात ओढलं. आता ही डागाळलेली कोण घेणार? तुम्हीच न्या, निम्म्यात देतो. उरलेले तिच्या पगारातून कापून घेतो."

मी घेतली. दोन्ही हातांनी घेतली. घरी येऊन लिंबू लावून डाग काढला, फॉल लावून घेतला, आणि त्याच मुलीच्या लग्नाला रोह्याला नेसून गेले. नणंद म्हणाली, "अगं, साखरपुड्याला नेसलेलीच ना ही?"

मी म्हणाले, "हो, तीच."