नारळ कुठे थांबला

बाबीमामा गेल्याचा फोन आला तेव्हा मी आमच्या सोसायटीच्या मीटररूमसमोर सेक्रेटरीशी मामाच्याच नकाशावरून भांडत होतो. फोन खिशात ठेवला, भांडण पुरं केलं आणि मगच परळला निघालो. मामाला हेच आवडलं असतं... अर्धवट भांडण त्याला अर्धवट जेवणासारखं वाटे.

हा माझ्या आईचा धाकटा भाऊ. परळच्या कार्यशाळेतून गणपतीच्या मोठ्या मूर्ती ट्रॉलीवरून नेणं हे त्याचं काम. आधी लालबाग, दादर. मग आमची माणसं खोल्या विकून वसईच्या पुढे राहायला गेली आणि त्यांच्यामागून गणपतीही गेले. तिथल्या नव्या वसाहतींत शेवटचा रस्ता ट्रॉली हातांनी ढकलावी लागे. डोळ्यांना न दिसणारा उतार वीस जणांच्या खांद्यांना कळतो. मामा लाकडी ठोकळा घेऊन चाकाशेजारी चाले. ट्रॉली आपसूक धावू लागली की ठोकळा चाकाखाली. घरी आल्यावर जुन्या कॅलेंडरच्या कोऱ्या पाठीवर तो रस्ता काढी. ट्रॉली धावली तिथे लाल बाण, ढकलावी लागली तिथे काळा. "जंय देव धावता, थंय पाणी धावतला," एवढंच त्याचं शास्त्र. दर वर्षी कुठेतरी भराव पडे, नाला पाइपात जाई, भातशेतीवर टॉवर येई आणि बाण फिरत. जुने तो खोडत नसे, शेजारी नवे काढी. पावसाळ्यात तिथल्या मंडळांना फोन लावी. "पाणी किती आलं? गुडघा सांगू नको, तुझा गुडघा मला काय ठाऊक. कितवी पायरी बुडली ते सांग."

मीही यथावकाश तिकडेच फ्लॅट घेतला, आईही आमच्याबरोबर आली. दुसरा मजला, म्हणून निर्धास्त. वास्तुशांतीला मामा आला आणि हातातला नारळ देवापुढे ठेवायचं सोडून सगळ्यांना खाली घेऊन गेला. गेटपाशी त्याने नारळ जमिनीवर सोडला. नारळ स्कूटरींमधून गडगडत थेट मीटररूमच्या दाराशी थांबला.

माझी बायको कळवळली, "मामा, आजच्या दिवशी तरी अपशकुन नको हो."

"अपशकुन नाही गं, उतार आहे," मामा म्हणाला. मग माझ्याकडे वळला. "तू दुसऱ्या मजल्यावर, तुझी वीज तळमजल्यावर. ताईचं ऑक्सिजनचं मशीन कशावर चालतं रे?"

त्या नारळाची नक्कल मी दोन वर्षं घरोघरी करून दाखवली, चहा वसूल केला. गेल्या पावसाळ्यात पाणी मीटररूमच्या उंबऱ्याला टेकलं. वर आई मशीन लावून झोपली होती, आणि मी जिन्यात उभा राहून पाण्याकडे बघत होतो... त्या दिवसापासून नक्कल बंद.

मग मामाला बोलावून आमच्या वसाहतीचा नकाशा काढून घेतला. मीटर वर चढवा, एवढीच मागणी. सेक्रेटरी म्हणाले, "ट्रॉलीवाल्याच्या बाणांवर मीटर हलवायचे? आणि हा कागद बाहेर दिसला तर इथे फ्लॅट कोण घेईल?"

मामाला जाऊन महिना झाला. मामेभावाने तो ठोकळा मला दिला. चाकांनी खाऊन एका बाजूला बशीसारखा झालाय. सध्या मीटररूमचं दार त्यानेच अडवून उघडं ठेवलंय, येणाऱ्याजाणाऱ्याला मीटर किती खाली आहेत ते दिसावं म्हणून. रविवारी सोसायटीची सभा आहे. मी भाषण करणार नाही. सगळ्यांना गेटपाशी नेईन आणि नारळ सेक्रेटरींच्या हातात देईन. सोडायचा त्यांनीच.